न लागलेला दिवा

मागच्या सीटजवळ वाकलेला नरहर सरळ झाला आणि हात पुसत म्हणाला, "मोठी बॅटरी ठीक आहे. तिच्या पंख्याच्या जाळीत धूळ होती, ती काढली."

"मग घेऊन टाकू ना, बाबा?" विजयने विचारलं.

जावयाला केव्हाची हायब्रिड गाडी हवी होती. मिसरोदहून मंडीदीपच्या कारखान्यात रोजची ये-जा, पेट्रोल तरी वाचलं असतं. सासऱ्याचं आयुष्य टाउनशिपच्या कारखान्यात विजेच्या मोटरी तपासण्यात गेलेलं. त्याच्याहून भरवशाचा माणूस कुठून आणणार? गाडी विकणारे सक्सेना नरहरच्या क्वार्टरपासून दोन ब्लॉक पलीकडचे. ते जवळच घुटमळत होते.

"अंकल, एकदम चकाचक है. बस घर से ऑफिस चली है."

नरहर पुढे बसला. बटण दाबलं. इंजिनाचा आवाज नाही, नुसती समोरची तबकडी उजळली. अशा वेळी इशाऱ्याचे सगळे दिवे क्षणभर लागून विझतात. बाकीचे लागले, विझले. ब्रेकचा लागलाच नाही. त्याने गाडी बंद करून पुन्हा चालू केली. नाहीच.

त्याने ब्रेक दाबला. बॉनेटखाली पंप घरघरला. पाय सोडून पुन्हा दाबला, पुन्हा घरघर. दाब टिकतच नव्हता. या गाडीचे ब्रेक त्या विजेच्या पंपाच्या जोरावर चालत, आणि पंप संपत आला होता. ते कळू नये म्हणून कुणीतरी दिवाच मारून ठेवला होता. आज, उद्या, कधीतरी पाय तळाला जाणार आणि गाडी थांबणार नाही.

नरहरने वर पाहिलं. सक्सेना दुसरीकडे बघू लागले.

"विजयराव, जरा इकडे या."

विजय खिडकीवर हात ठेवून वाकला. "सुचेताला एवढ्यात काही बोलू नका हं, बाबा. तिला प्रत्येक गोष्टीत तोंड घालायची सवय. मग ते बंद करावं लागतं." तो हसला.

नरहर त्याच्या हाताकडे पाहत राहिला. दिवाळीला लेक आली तेव्हा तिचा ओठ फुटलेला होता. नळावर आपटले, म्हणाली होती. पुढे उन्हाळ्यात मनगट. दोनदा त्याने तिला घरी ठेवून घेतलं, आणि दोनदा विजय त्याच्या पाया पडून तिला घेऊन गेला. त्यानंतर ती आलीच नाही. "नको बाबा, ते अजून चिडतात," एवढंच फोनवर.

"काय झालं, बाबा? काही दोष निघाला का?"

"नाही," नरहर म्हणाला. "निर्धास्त घ्या."

गाडीतून उतरून त्याने दार लावलं.

"एक करा. सुचेताला आठ दिवस माझ्याकडे पाठवा. तिच्या आईचं श्राद्ध आहे."

विजय खुशीत होता. "न्या की. उद्या सकाळीच या."

किल्ली घेऊन विजय गाडीतूनच गेला. नरहर घरी येऊन नुसता बसून राहिला. एकदा लेक या घरात आली की परत पाठवायची नाही, हे त्याचं ठरलं होतं. पुढे तो रस्ता आणि विजयचं नशीब. रात्री त्याला जेवण गेलं नाही.

सकाळी तो चपला घालत होता तेव्हा फोन वाजला. सुचेताचा.

"बाबा, तुम्ही निघू नका. मीच येतेय." तिला धाप लागली होती, पण आवाज मोकळा होता. लग्नानंतर असा आवाज त्याने ऐकला नव्हता. "काल पुन्हा... जाऊ दे. आत्ता ते आंघोळीला गेले आणि मी सरळ निघाले. परत जाणार नाही मी, बाबा. कधीच नाही."

"बरं केलंस, पोरी. आहेस कुठे? ऑटो मिळाली ना?"

"ऑटो कशाला? किल्ली टेबलावरच होती. होशंगाबाद रोडवर पूल चढून उतरतेय आता."

"सुचेता," नरहर ओरडला, "ती गाडी..."

"घाबरू नका हो," ती हसली. "तुम्ही तपासलेली गाडी आहे."