नलूताईंचा स्क्रूड्रायव्हर

खऱ्या खेळाडूने संकटात प्रतिस्पर्ध्यालाही मदत करावी, असं शिरीष धामणस्करचं ठाम तत्त्व होतं. ते पाळायची वेळ मात्र कधी आली नव्हती, कारण संकट नेहमी त्याच्यावरच यायचं.

आजही आलं. साताऱ्याच्या मैदानावर रिमोटने पळवायच्या, इंधनावर चालणाऱ्या छोट्या ट्रकची अंतिम शर्यत सुरू व्हायच्या बेतात होती आणि त्याचा ट्रक दोन गिरक्या घेऊन गप्प झाला. दरवर्षी चषक नेणाऱ्या नलूताई साठे पदर खोचून शेजारी येऊन बसल्या.

भाकरी टाकण्याआधी तव्यावर शिंपडावं तसं त्यांनी बाटलीतलं पाणी इंजिनावर शिंपडलं. थेंब चर्र करून क्षणात उडाला.

"फार तापलंय रे. वेग वाढावा म्हणून इंधनाचा स्क्रू आवळलास ना?"

"थोडासाच, ताई."

"बैल उपाशी पळवायचा आणि बसला की रडायचं."

त्यांनी स्क्रू केसभर सैल केला, दोरी ओढून इंजिन चालू केलं, कान देऊन ऐकलं, मागचा निळसर धूर न्याहाळला आणि आणखी केसभर सैल केला. आता शिंपडलेला थेंब सावकाश आटला. ट्रक असा एका सुरात गुरगुरू लागला की शिरीषला भरून आलं. हातातला चषक या बाईंनी आपण होऊन पणाला लावला होता. एवढं मोठं मन त्याने या मैदानावर पाहिलं नव्हतं.

शर्यतीत त्याचा ट्रक एकदाही बंद पडला नाही. नलूताई दोन फेऱ्यांच्या फरकाने जिंकल्या.