दोन परस पाणी

आनंदराज विहिरीच्या तळाला होता आणि काठावर बुद्धप्रिया पाण्याकडे डोळे लावून उभी होती. पाणी हलत नव्हतं. एक बुडबुडासुद्धा वर येत नव्हता. शेवटी तिला राहवेना, तिने पाण्यात खडा टाकला.

तो वर आला. अंग गारठून काळंनिळं पडलेलं, पण धाप म्हणून नाही.

"ह्या वयात हे काय सोंग काढलंय तुम्ही?" तिने टॉवेल पुढे केला.

"तिथलं पाणी बी आता असंच गार राहतंय. सवय पाहिजे."

"तिथं जाऊन पोरगं वापस येणार हाय का?"

"न्हाई. जागा बघायची हाय मला. नुसती बघायची."

तिने विश्वास ठेवला. नवरा आयुष्यात तिच्याशी कधी खोटं बोलला नव्हता, त्यामुळे खोटं बोलताना त्याचा चेहरा कसा होतो हे तिला ठाऊकच नव्हतं.

परवा लातूरहून मालवणची गाडी पकडायची होती. मालवणजवळ किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर समुद्रात खडक आहेत, त्यांवर प्रवाळ वाढलंय. पाठीला हवेची टाकी बांधून गिऱ्हाइकाला खाली नेतात, मासे दाखवतात. पाणी जेमतेम दोन परस, म्हणजे दोन माणसं एकावर एक उभी केली तर वरच्याचं डोकं बाहेर राहील. रेणापूरच्या शिवारातली ही विहीर सात परस होती. तिच्या तळाची माती मुठीत घेऊन वर येणारा त्याचा धम्मानंद त्या दोन परस पाण्यात गेला होता. मागच्या हिवाळ्यात, नांदेडच्या कॉलेजातल्या मित्रांसोबत सहलीला गेला आणि परत आला तो पांढऱ्या कापडात.

धम्मानंदला पोहायला बापानेच शिकवलं होतं. आनंदराज लहान होता तेव्हा बौद्धवाड्यातल्या पोरांना गावच्या विहिरीत उतरू देत नसत. तो चोरून उतरायचा. काठावर चाहूल लागली की बुडी मारून कपारीला चिकटायचं आणि बुडबुडा म्हणून वर जाऊ द्यायचा नाही. बुडबुडा दिसला की वरून दगड यायचे. कपाळावरची खोक अजून दाखवायला होती. पुढे एसटीत लागल्यावर त्याने स्वतःची विहीर खोदली आणि पोराला पहिला धडा तोच दिला. छाती भरून घ्यायची, तोंड मिटायचं, काठाला हात लागेपर्यंत श्वास सोडायचा नाही. आता दगड मारायला कुणी येत नव्हतं, पण शिकलेलं कोण विसरतो! बुडबुडा निघाला की पोराला पुन्हा खाली जावं लागे. एकही निघेनासा झाला, त्या दिवशी बापाने वाड्यात जिलेबी वाटली होती.

फुफ्फुसं फाटली, असं तिथले डॉक्टर म्हणाले. पुढचं त्याने ऐकून घेतलं नाही. लातूरच्या डेपोत त्याची हयात टायरखात्यात गेली होती. हवा जास्त भरली की काय होतं, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. गाईडने टाकीची हवा नीट बेतली नाही आणि पोरगा ट्यूबसारखा फुटला. सगळे मात्र अपघात म्हणून मोकळे झाले होते.

म्हणून त्याने त्याच गाईडकडे नाव नोंदवलं होतं. आडनाव बायकोच्या माहेरचं. गाईड पुढे राहतो, टाकीची हवा बंद करायचा कॉक त्याच्या मानेमागे असतो, हे त्याने मोबाईलवर पुन्हा पुन्हा पाहिलं होतं. कॉक आवळायचा, दोन्ही हातांनी मिठी मारायची, स्वतःच्या तोंडातली नळी थुंकून टाकायची आणि तोंड मिटून बसायचं. दोघांतला कोण जास्त टिकेल याची त्याला खात्री होती. मागाहून आपलं काय होईल, याचा विचार त्याने केला नव्हता.

दिवेलागणीला तो जेवायला बसला आणि फोन वाजला. हात भाजीचे होते, म्हणून त्याने कोपराने स्पीकर लावला. बुद्धप्रिया चुलीपुढे भाकरी थापत होती.

"नमस्कार काका, मालवणहून गाईड जयवंत बोलतोय. इथे येण्याआधी सगळ्यांना मी स्वतः फोन करतो. पूर्वी बोटीवरच सांगायचो सगळं."

"मग आता फोन कामून?"

जयवंतने उलट विचारलं, "पोहता येतं तुम्हाला?"

"हाव. लई चांगलं. विहिरीत."

"मग तुम्हाला दोनदा सांगायला हवं. ज्यांना पोहता येत नाही ते घाबरून माझं ऐकतात. काका, खाली श्वास कोंडायचा नाही. वर येताना तर बुडबुडे सुटतच राहिले पाहिजेत. खाली घेतलेली हवा वर येता येता फुगते. कोंडून धरली तर छाती फाटते, एवढ्याशा पाण्यातसुद्धा."

आनंदराजने घास ताटात ठेवला.

"टाकीत हवा जास्त झाली असंल," तो म्हणाला. "टाकीच खराब असंल."

"टाकी ठीक होती. पोलिसांनी तपासली." कुठल्या टाकीविषयी बोलतोय हे कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलंही नाही. "एक पोरगा गेला माझ्या डोळ्यांदेखत. तुमच्याच बाजूचा होता. तोंड घट्ट मिटून सरळ वर निघाला. मी खुणा केल्या. तोंड उघडावं म्हणून पोटात गुद्दा मारला. नाही उघडलं. बोटीत घेतला तेव्हा शुद्धीवर होता जरासा. ओठांतून रक्त येत होतं आणि हसत होता."

तव्यावरची भाकरी करपत होती. बुद्धप्रियाने ती उलटली नाही.

"काई म्हणला का त्यो?" तिने विचारलं.

"म्हणाला, 'पप्पाला सांगा, एक बी बुडबुडा सोडला न्हाई.'"