रवळूचं पाणमांजर
रवळू खाडीवरून रिकाम्या हातांनी घरी आला की कारण ठरलेलं: पाणमांजरानं जाळं फाडलं. “जाळा पाणमांजरान फाडला, मगे दारूचो वास तुझ्या तोंडाक कसो?” बायको सत्यवती विचारी. खरं तर मासे दोघेही संपवत. पाणमांजर जाळ्यातून, रवळू गुत्त्यावर. शेवटी ती माहेरी जायला पिशवी भरू लागली. कॅमेऱ्याचे मोबाइल तेव्हा नव्हते. पुरावा देवाकडेच मागायचा. रवळूनं देवळात गाऱ्हाणं घातलं, “बा देवा महाराजा, चोर एकदा हिका दाखव!” जमलेले ओरडले, “होय महाराजा!” सकाळी तिला होडीतून नेलं. देव पावला. पाणमांजरानं तिच्यादेखत जाळं फाडलं, तांबोशी मासळी पळवली. रवळूची छाती फुगली. पण पाणमांजरानं तांबोशी खाल्ली नाही. काठावर शीळ घालत आलेल्या मादीपुढे, पिल्लांपुढे नेऊन ठेवली. सत्यवती बघतच राहिली. “चोर तोच रे. पण तो मासो घराक नेता.”