उताराखालचं तळं

"बसा हो मॅडम, चकरा मारून मतं वाढत नाहीत," साहेब म्हणाले.

ती बसली आणि लगेच उठली. शहराच्या आराखड्यावर महापालिकेच्या सभागृहात दुपारी मतदान होतं, पण सकाळपासून तिला खुर्चीत चैन नव्हतं. खिडकीशी जायचं, परत यायचं आणि नकाशावरच्या त्याच निळ्या ठिपक्यावर बोट ठेवायचं.

तिच्या नगररचना खात्याने शहराचा हा पुढचा आराखडा तयार केला होता. उद्दिष्टं झकास होती. शहर वाटेल तसं पसरू द्यायचं नाही, झाडं राखायची, जलसाठे जपायचे, पाण्याची नासाडी थांबवायची. एका पानावर सगळी कशी गुण्यागोविंदाने नांदत होती. मारामारी होती ती उताराखालच्या तळ्यावरून. बिल्डरला तिथे टॉवर हवे होते, आणि हिने 'नैसर्गिक जलसाठा' असा शेरा मारून खाली आपली सही ठोकली होती.

"हरलात तर मी रजेवर होतो असं समजा," साहेबांनी आधीच सांगून ठेवलं.

"तुम्ही रजेवरच असता, साहेब."

साहेब हसले. तिला हसू आलं नाही. हरलो तर बदली होणार हे ती जाणून होती, पण त्याची तिला भीती नव्हती. भीती तळ्याची होती. गेल्या वर्षी रस्ता चुकून ती तिथे पोचली, तेव्हापासून रोज वाट वाकडी करून जायची. काठावर बगळे, मधे बदकं. दिवसभरात तिचा जीव तेवढाच वेळ थाऱ्यावर असे.

घरी मन मोकळं करावं, तर तीही सोय नव्हती. नवरा पाणीपुरवठ्यात. दोन्ही खात्यांची भांडणं ताटापर्यंत यायला लागली, तेव्हा लग्नाच्या पहिल्याच वर्षी दोघांनी नियम केला होता, ऑफिस उंबऱ्याबाहेर. अलीकडे तो चिखलाचे बूट दाराशी काढून मुकाट जेवायचा. काय झालं, हे विचारायला तिची जीभ शिवशिवायची. पण नियम म्हणजे नियम.

सभागृहात बिल्डर तावातावाने उठला. "अहो, इथे तळं नव्हतंच कधी! माझी पोरं चेंडू खेळायची इथे. जुना नकाशा काढा!"

सभागृहात खसखस पिकली. बिल्डर खरं बोलतोय, असं मानणारा तिथे कोण होता?

ती उभी राहिली. "जुने नकाशे टेबलाशी बसून काढलेत. यंदा गावभरच्या विहिरी आटल्या, नळाला धार नाही. आणि हे तळं काठोकाठ! खाली जिवंत झरा असल्याशिवाय हे होईल का?"

नगरसेवकांचे हात वर झाले. जोवर पाणी आहे, तोवर तिथे एकही वीट लागणार नाही, असा ठराव झाला.

ती जवळजवळ पळतच घरी आली. बेल वाजवायच्या आत नवऱ्याने दार उघडलं. बूट पायातच, चिखल घरभर, आणि चेहरा लग्नाच्या दिवशीही नव्हता इतका खुललेला.

"आज नियम मोडायचा," ती म्हणाली.

"मोडायचाच! पण आधी मी." त्याने तिला धरून खुर्चीत बसवलं. "मुख्य लाइन कुठे गळतेय, तेच दोन वर्षं सापडत नव्हतं. अर्ध्या शहराचं पाणी जमिनीत जायचं आणि शिव्या मी खायचो. आज सापडली गळती! दुपारीच बंद केली. उद्या नळाला धार बघ."

तिला मनापासून आनंद झाला. किती दिवसांनी तो असा हसत होता. "कुठे होती रे?"

"त्या उताराच्या माथ्यावर. खाली हे एवढं डबकं साचलंय, बगळेबिगळे बसलेत. आठवड्याभरात खडखडीत वाळेल बघ." तो बूट काढायला वाकला. "हं, आता तुझं सांग."