घोट

कौशल्याबाईंनी मठ्ठ्याचा गिलास यशवंतरावांच्या हातात दिला. "घ्या न भाऊ. आमी जेवून राह्यलो अन् तुमी काऊन नुसते बसले?"

गुडीहत्नूरहून त्या आपल्या मुलासाठी, पंकजसाठी, रुपाला पाहायला आल्या होत्या. पसंती जेवण झाल्यावर सांगणार होत्या. रुपाच्या वडलांना, यशवंतरावांना, लकवा होऊन गेला, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांना नीट गिळता येत नाही, हे मात्र रुपानं कोणाला सांगू दिलं नव्हतं. "बाबा आधीच जेवले म्हणू," असं तिनं आईला, बयनाबाईंना, बजावलं होतं.

आदिलाबादच्या डॉक्टरांनी तिला चित्र काढून समजावलं होतं. घशात दोन नळ्या. पुढची श्वासाची, मागची अन्नाची. गिळताना श्वासाच्या नळीवर झाकण पडतं. यशवंतरावांचं ते उशिरा पडत होतं. म्हणून पातळ काही द्यायचं नाही. पाणीसुद्धा घट्ट करून, चमच्यानं, हनुवटी खाली करून. रोज रुपाच त्यांच्यासमोर बसून पाजायची.

यशवंतरावांनी गिलास धरून रुपाकडे पाहिलं.

बाबांना चालत नाही, एवढंच म्हणायचं होतं. पंकज तिच्याकडेच बघत होता. रुपा पोळ्यांच्या टोपलीकडे वळली.

पाहुणीनं दिलेला गिलास खाली कसा ठेवायचा? यशवंतराव प्यायले.

पहिल्याच घोटाला ठसका लागला. मठ्ठा नाकातून आला, सदऱ्यावर सांडला, पंकजच्या ताटात उडाला. त्यांचा चेहरा काळानिळा पडला. रुपा टोपली टाकून धावली. तिनं त्यांना पुढं वाकवलं, पाठ थोपटत राहिली. "खोका बाबा. अजून खोका." बऱ्याच वेळानं त्यांचा श्वास सुरळीत झाला.

कोणी जेवत नव्हतं.

"असं नेहमी होते का?" कौशल्याबाईंनी विचारलं.

रुपा पदरानं बाबांचं तोंड पुसत होती. तिनं मान वर केली नाही.

"नाई," यशवंतराव म्हणाले. जीभ जड, शब्द एकेक करून येत होते. "पोरीनं... सांगतलं होतं. पातळ पिऊ नका म्हनून. मीच... आयकलं नाई."

कौशल्याबाईंनी रुपाकडे पाहिलं. मग उठल्या, हात धुऊन आल्या.

"बापाले एवढं जपते," त्या बयनाबाईंना म्हणाल्या, "ते आमालेबी जपन. आमाले पोरगी पसंत हाये."

बयनाबाईंनी डोळ्यांनी लेकीला खुणावलं.

रुपा पाया पडायला वाकली. कौशल्याबाईंनी आशीर्वाद दिला, खांद्याला धरून उठवू लागल्या. ती उठेना.

"लाजते," पंकज हसून म्हणाला.