अरुंद टायर

पालमच्या पुढं चिखलानं एसटी बंद होती. कंपाउंडर पंडितच्या पिशवीत सापाच्या विषावरचं इंजेक्शन होतं आणि चार कोसांवर त्याची बहीण सरजाबाई नाग चावून पडली होती. त्याच्या जुन्या फटफटीचं मागचं टायर गुळगुळीत झालेलं. दुकानदार सटवाजीनं मोठाल्या दातांचं टायर पुढं केलं. “हेच घे, चिखलात घट्ट धरतंय.” पंडितनं ते चाकाला लावून पाहिलं; मडगार्डखाली बोटभरही फट उरेना. “काळी माती अडकली की चाकच फिरायचं न्हाई. खुंटीवरचं ते अरुंद द्या, मामा.” “त्यानं घसरशील!” “घसरलो तर उठता येतंय.” वाटेत तो तीनदा पडला, पण चाक फिरत राहिलं. घरी पोचला तेव्हा सरजाच्या पापण्या मिटत होत्या. त्यानं सुई टोचली आणि उशाशी बसला. दिवस कलताना तिनं डोळे उघडले. “ह्यो चिखलाचा मानूस कोन?”