हिरव्या गोळ्या

आईने पोळी-भाजी जवळजवळ सोडलीच, तेव्हा रमाकांतने स्पिरुलिनाच्या हिरव्या गोळ्या आणल्या. त्यातली प्रथिनं, त्यातलं लोह, सगळं तो घरी येईल त्याला ऐकवायचा. आज ऐकायला शेजारच्या मिश्राभाभी होत्या.

"अम्माजी, सचमुच फायदा है?" त्यांनी विचारलं.

"है ना. चबाना नहीं पड़ता."

भाभी हसल्या. रमाकांतने चमकून आईच्या तोंडाकडे पाहिलं. "आई, कवळी कुठाय?"

"टोचते रे. दिवाळीत सांगितलं होतं तुला. रविवारी डॉक्टरकडे नेतो म्हणालास. मग या गोळ्या आणल्यास. मी समजले."

त्याला मान वर करवेना.

"क्या कह रही हैं?" भाभींना मराठी येत नव्हतं.

आईनेच घाईघाईने सांगितलं, "यही, कि बेटा बहुत खयाल रखता है."